चौथं कलम

"मोठ्या अक्षरात लिही, उक्के. लांबनं वाचता आलं पायजे," नाझनीन म्हणाली.

"लांबनं कोण वाचणार हाय?"

"तात्या. मंडळाच्या दारावर लावणार हाय मी हे. खळसुद्धा करून आणलीय घरनं."

सोळा ऑगस्टची दुपार होती. शाळेच्या प्रयोगशाळेमागं मोडक्या बाकांचा ढीग असतो, त्या ढिगावर आम्ही पंधराजणी चिमण्यांसारख्या बसलो होतो. माझ्या मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कार्डशीट आणि हातात हिरवं स्केचपेन, कारण काळं आदल्या दिवशी फलक रंगवताना संपलं होतं. मी तेव्हा आठवीत होते. उत्कर्षा खराडे, तुकडी अ, निबंधात तालुक्यात पहिली. (हे सांगायची गरज नव्हती, पण खरं आहे म्हणून सांगितलं.) त्यामुळं इतिहास घडत असेल तर पेन माझ्याच हातात असणार, याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

झालं असं होतं. आमच्या कासारवडगावात खो-खो म्हणजे पोरींचा जीव की प्राण. पाचवीपासून आम्ही कासारवडगाव क्रीडा मंडळाच्या मैदानावर पळत होतो. मंडळाचे चिटणीस म्हणजे तात्या कोळेकर, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर तात्यांनी तालुक्याच्या स्पर्धेसाठी बारा मुलींची नावं वाचली. त्यात अंबिका कुसाळकर नव्हती.

अंबिका नव्हती म्हणजे काय, हे कळायला तिला पळताना बघायला पाहिजे होतं. तिच्या पळतीला समोरच्या पोरी अक्षरशः रडकुंडीला यायच्या. हात लागणार असं वाटलं की ती अशी काही वळायची, की मागची पोरगी सरळ पुढं जाऊन जमिनीवर. ओढ्यापलीकडं खडीची खाण आहे, तिथं तिचे आईवडील दगड फोडायचे. नऊ वर्षं ते तिथंच राहत होते. अंबिका अनवाणी खडीवरून शाळेत यायची, त्यामुळं आमचं मैदान तिला गादीच वाटत असणार.

"ती हद्दीबाहेरची हाय," तात्या म्हणाले होते. "मंडळाच्या घटनेत बसत न्हाय. घटना म्हंजे घटना."

"मग तीन वर्षं सराव कशाला करून घेतला तिच्याकडनं?" नाझनीनने विचारलं. नाझनीन मुल्ला आमची कर्णधार. तिला कुणाचीच भीती वाटत नाही, स्वतःच्या अम्मीची सोडून.

"सरावाला कोण न्हाय म्हणतंय? सरावाला येऊ दे की!"

ते तात्या इतक्या प्रेमानं म्हणाले, की आमचं डोकंच फिरलं.

म्हणून ते कार्डशीट. मी लिहिलं, 'आम्ही, कासारवडगावच्या पंधरा मुली, आजपासून मंडळापासून स्वतंत्र झालो आहोत.' मग पेन वर करून विचारलं, "पुढं? अंबिकावर अन्याय झाला म्हणून, असं घालू?"

अंबिका ढिगाच्या अगदी वर बसली होती. तिथनंच म्हणाली, "माझं नाव नको घालू."

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय सगळं!"

"म्हणूनच नको. 'एकीला' असं लिव्ह. उद्या दुसऱ्या कुणावर पाळी आली तर? तवा परत नवा कागद आणणार हाईस का?"

मी मान डोलवली आणि लिहिलं, 'जिथं आमच्यातल्या एकीला जागा नाही, तिथं बाकीच्यांनाही नाही. एकीला अडवलं तर आम्ही सगळ्या बाहेर.' वाचून दाखवल्यावर पोरींनी बाकं बडवली. दोन बाकं आणखी मोडली. पंधराजणींनी सह्या केल्या. अंबिकानं सहीखाली पत्ता पण लिहिला. मु. खाण.

संध्याकाळी आम्ही तो कागद मंडळाच्या दारावर चिकटवला. तात्या आले, खिशातनं चष्मा काढला आणि सगळं शेवटपर्यंत वाचलं.

"शुद्धलेखन चांगलं हाय. कुणाचं अक्षर?"

मी हात वर केला. अभिमानानं! नाझनीननं माझ्या पाठीत असा चिमटा काढला, की अजून आठवतो.

"जावा की मग," तात्या म्हणाले. "बघू किती दिवस."

आम्ही गेलो. शाळेमागचा उताराचा पडीक तुकडा बेडगे मॅडमनी हेडसरांकडनं मागून घेतला. मॅडम आम्हाला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायच्या. आठ दिवस आम्ही दगड वेचले. तरी जमीन वर-खालीच. मग एका रविवारी अंबिकाचे वडील खाणीवरचा ट्रॅक्टर घेऊन आले, दोन ट्रॉल्या बारीक मुरूम टाकला, दोरी लावून उतार काढला आणि धुमुस घेऊन दिवसभर चोपत राहिले. नाझनीनच्या अम्मीनं त्यांना चहा दिला तर म्हणाले, "पोरीचं मैदान हाय न्हवं." तेवढंच. फार बोलत नसत ते.

मॅडमना मी जाहीरनाम्याचा फोटो दाखवला तेव्हा त्या आधी खूप हसल्या, मग त्यांनी तो दोनदा वाचला.

"झकास! आता घटना लिहा."

"परत घटना?" मी म्हणाले. "घटनेनंच तर वाट लावली, मॅडम."

"जिल्हा संघटनेत संघाची नोंद करायची तर घटनेची प्रत जोडावी लागते. अध्यक्ष मी होते, चिटणीस म्हणून उत्कर्षाच्या आईची सही घेऊ. पण लिहायची तुम्ही. आणि स्वतः लिहायची, कुणाची उतरवायची नाही." मग त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. त्या अशा टेकल्या की समजायचं, आता तास सुरू. "जाहीरनामा लिहिणं सोपं असतं गं पोरींनो. समोर तात्या असतात. घटना लिहिताना समोर कुणीच नसतं, आपण आपणच असतो. अमेरिकेत सतराशे शहात्तरला लिहिलं, सगळी माणसं समान. अकरा वर्षांनी त्यांच्यातलेच काहीजण घटना लिहायला बसले. कुठल्या राज्याला किती प्रतिनिधी, याची मोजदाद आली. तेव्हा गुलामांचं काय ठरलं? पाच गुलाम म्हणजे तीन माणसं."

"म्हणजे एक गुलाम पाऊण माणूस?" मागनं कुणीतरी विचारलं.

"पाऊणपण नाही. गणित बघा जरा."

सगळ्या हसल्या. अंबिका तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, "ज्यांनी पैलं लिव्हलं, त्यांनीच दुसरं लिव्हलं?"

"काही तीच माणसं."

"मग लिव्हताना त्यांना पैलं आठवलं नसंल?"

मॅडम अंबिकाकडं वळल्या. "आपल्याकडं काय केलं बघ. एकोणीसशे तीसच्या सव्वीस जानेवारीला संपूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती. वीस वर्षांनी घटना नोव्हेंबरातच तयार झाली, तरी ती पुरी लागू करायला सव्वीस जानेवारी उजाडायची वाट बघितली. त्या शपथेची आठवण राहावी म्हणून. तुम्हीपण घटना लिहून झाली की जाहीरनामा शेजारी ठेवा. एकेका कलमावर बोट ठेवून त्याला विचारा, बाबा, हे तुला चालतंय का?"

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. खाली लाल पेननं दोन रेघा मारल्या. माझ्या वह्या बघण्यासारख्या असतात.

घटना लिहायचं काम अर्थातच माझ्याकडं. मी म्हणाले, दोन दिवसांत देते. मग गणपती आले, चाचण्या आल्या, आणि अर्जाची शेवटची तारीख परवावर येऊन ठेपली. रविवारी दुपारी नाझनीनच्या भावानं मंडळाच्या घटनेची झेरॉक्स आणून दिली, नुसती नमुन्याला म्हणून. बावीस कलमं, टाइप केलेली, वर पिवळा डाग. मी ती शेजारी ठेवली आणि लिहायला लागले. 'मंडळ' असेल तिथं 'संघ'. 'सभासद बंधू' असेल तिथं 'सभासद भगिनी'. दीड तासात झालं! शेवटी हात इतका सराईत चालला होता, की 'मद्यपान करून मैदानात येणाऱ्या सभासदास तीन महिने निलंबित करण्यात येईल' हेसुद्धा तसंच उतरलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी ती पोरींना वाचून दाखवली. मद्यपानाच्या कलमाला पोरी इतक्या हसल्या, की शिपाईकाका बघायला आले. नाझनीन म्हणाली, "राहू दे ते, या शारदीचा काय भरवसा?" सगळ्यांनी हात वर करून घटना मंजूर केली. मॅडमना तेव्हा मतदारयाद्यांचं काम लागलं होतं, त्यांनी पानं उलटत सही केली आणि विचारलं, "जाहीरनामा शेजारी ठेवून बघितलंस ना?"

"हो मॅडम," मी म्हणाले.

जानेवारीत स्पर्धा होती, तालुक्याच्या गावी. मॅडमना नेमकं त्याच दिवशी निवडणुकीचं प्रशिक्षण लागलं, म्हणून व्यवस्थापक म्हणून आई आली. आई शिवणकाम करते. आमचे जांभळे टी-शर्ट तिनेच शिवले होते, मागं पांढऱ्या कापडाचे आकडे लावून. आम्ही चौदाजणी गेलो, शारदीला ताप होता. पैकी अर्जात नावं बाराजणींची, बाकीच्या ओरडायला.

सकाळी नऊला छाननीचं टेबल लागलं. जिल्हा संघटनेचे एक साहेब संघांची कागदपत्रं तपासत होते. तात्या शेजारच्या खुर्चीत बसलेले, नव्या पोरी गोळा करून त्यांच्या मंडळाचापण संघ आला होता.

"साहेब, एक हरकत हाय," तात्या म्हणाले. अगदी सहज, चहा मागावा तसं. "ह्या संघातली आठ नंबर. ती त्यांच्या घटनेत बसत न्हाय."

"आमच्या घटनेत?" आई म्हणाली. "तुमच्या घटनेत बसत नाही म्हणून तर पोरींनी वेगळा संघ काढला."

"वाचून बघा की वहिनी. सही तुमचीच हाय. कलम चार."

साहेबांनी आमची फाइल काढली, माझ्या सुवाच्य अक्षरातली, आणि मोठ्यानं वाचलं. "'संघाचे सभासदत्व फक्त ग्रामपंचायत हद्दीत कायम वास्तव्य असणाऱ्या व्यक्तीसच देण्यात येईल.' मुलगी राहते कुठं?"

"खाणीवर," अंबिका म्हणाली. "ओढ्यापलीकडं."

"म्हणजे हद्दीबाहेर. मग ती सभासद कशी?"

"पोरींनी आमचीच घटना उतरवलीया, साहेब," तात्या म्हणाले. "नुसती नावं बदलली. मी काय वाईट म्हणतोय का? ज्यांचा त्यांचा नियम."

"साहेब, आमचा जाहीरनामा आहे!" नाझनीननं आईच्या मोबाइलवरचा फोटो त्यांच्यापुढं धरला. "हे बघा. एकीला अडवलं तर सगळ्या बाहेर. पंधरा सह्या आहेत."

साहेबांनी तो खरंच वाचला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "छान लिहिलंय. पण बाळ, हे माझ्या फाइलीला नाही. माझ्या फाइलीला घटना आहे. तुम्हीच लिहिलीत, तुम्हीच मंजूर केलीत. ही मुलगी सोडून खेळायचं असेल तर अकरा जणींना परवानगी देतो. दहा मिनिटांत सांगा."

आम्ही पाण्याच्या टाकीमागं गेलो. आई म्हणाली, "मी सही करणारी चिटणीस, पळणारी नव्हे. तुमचं तुम्ही ठरवा."

"ठरवायचं काय त्यात?" नाझनीन म्हणाली. "लिहिलंय की. सगळ्या बाहेर. चला, बॅगा उचला."

"पाच म्हयनं पळलोय गं," कुणीतरी म्हणालं.

"कलम पुढच्या वर्षी बदलू की. घटनादुरुस्ती असतीया. मॅडमनीच शिकवलंय."

"आज निवड समिती आलीय नाझे. जिल्ह्याच्या शिबिराला घेणार हाईत."

"आणि आपण तात्यांसमोरनं बॅगा घेऊन परत जायचं? त्यांना तेच पायजे!"

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. शेवटी नाझनीन ओरडली, "हात वर करा! परत जायचं म्हणणाऱ्या."

सहा हात.

"खेळायचं म्हणणाऱ्या."

सहा हात.

अंबिका टाकीला टेकून उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. ती सभासद नव्हती ना. ती हातांकडं बघत होती, एकेका हाताकडं, शांतपणे, जसं फळ्यावरचं गणित बघावं.

"तेरावी कोण?" नाझनीननं विचारलं. "उक्के, तुझा हात कुठाय?"

इथं मला एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी मी अजून सांगितलेली नाही. निबंधात मी पहिली होते. खो-खोत मी दहावी होते. मैदानात नऊ जणी उतरतात. पाच महिने मी सगळ्यांएवढाच सराव केला होता, गुडघे फोडून घेतले होते, आणि सरावाच्या प्रत्येक सामन्यात बाहेर बसून टॉवेल सांभाळला होता. आता नवातली एक जागा रिकामी झाली होती.

"खेळायचं," मी म्हणाले. "म्हणजे, अंबिकासाठीच खेळायचं. जिंकून दाखवायचं तिच्यासाठी."

माझं वाक्य चांगलंच होतं. पोरींना पटलं पण. नाझनीन तेवढी माझ्याकडं बघत राहिली.

अंबिकानं टी-शर्ट काढला. आत तिचा शाळेचा पांढरा सदरा होता. तिनं टी-शर्ट उलटा झाला होता तो सुलटा केला, झटकला आणि माझ्या हातात दिला.

"घे. तुला सैल हुईल वाईच. कमरंला गाठ मार."

सामना तात्यांच्याच मंडळाशी पडला. मी तिसऱ्या तुकडीत उतरले. आयुष्यात पहिल्यांदा! मला कुठली पोरगी कुठनं येतेय ते काही दिसत नव्हतं. तेवढ्यात रेषेबाहेरनं आवाज आला, "उक्के, उजवीकडं! आता थांब. थांब! जा!" अंबिका होती. माझ्याबरोबर रेषेबाहेरनं पळत होती, मुरूम उडवत. "खांबाकडं जाऊ नको! वळ! आतनं ये!" मी तिचा आवाज जाईल तिकडं पळत राहिले. एक मिनिट दहा सेकंद. इतकी मी सरावातसुद्धा कधी टिकले नव्हते.

आम्ही एका गुणानं जिंकलो.

पोरींनी मला उचललं. उचललं म्हणजे खरंच उचललं, आईनं व्हिडिओ काढला. त्यात मी हसतेय, दोन्ही मुठी वर. मी तो तीन वर्षांत एकदाच पूर्ण बघितला आहे. परत येताना गाडीत अंबिका माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "उद्या पाय दुखतील तुझं. गरम पाण्यानं शेक."

सोमवारी ती शाळेत आली, सरावाला आली नाही. मंगळवारी पण नाही.

मॅडमना सगळं कळल्यावर मला वाटलं त्या ओरडतील. मी तयारी करून गेले होते. त्या म्हणाल्या, "सही माझी पण आहे, उत्कर्षा. मीपण नुसती पानं उलटली." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत आम्ही कलम चार बदललं. या वेळी मी उतरवलं नाही, स्वतः लिहिलं. 'या शाळेत शिकणारी किंवा या मैदानावर खेळू इच्छिणारी कोणतीही मुलगी संघाची सभासद होऊ शकेल. तिच्या वास्तव्याची चौकशी केली जाणार नाही.' आणि घटनेच्या पहिल्या पानावर, सगळ्या कलमांच्या आधी, जाहीरनाम्यातली वाक्यं घातली. दुरुस्तीला सगळ्या सभासदांच्या सह्या लागत होत्या. चौदा झाल्या. अंबिकाची चालणार नव्हती. तिला आत घेण्यासाठीच्या कागदावर तिची सही चालत नव्हती, कारण ती अजून आत नव्हती. हे माझ्या लक्षात आलं ते चौदावी सही झाल्यावर.

आज त्या कलमामुळं आमच्या संघात खाणीवरच्या तीन मुली आहेत. एक तर सातवीतलीच, पण काय वळते! जिल्ह्याच्या शिबिरात गेल्या वर्षी दोघींची निवड झाली. मी आता खेळत नाही, अकरावीत आहे, वक्तृत्व स्पर्धांना जाते, घटनेवर बोलते, बक्षिसं आणते. टाळ्या पडतात. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, हे मी सांगितलं की सभागृह गप्प होतं. कलम चारबद्दल मी तिथं कधीच बोललेले नाही.

दुरुस्तीचा कागद घेऊन मी सायकलनं ओढ्यापलीकडं गेले, तो रविवार होता. तोपर्यंत मी खाणीवर कधी गेलेच नव्हते, नऊ वर्षं ती तिथं राहत असून. सगळीकडं पांढरी धूळ. अंबिका आणि तिची आई फोडलेली खडी घमेल्यात भरून ट्रॉलीत टाकत होत्या. मला बघून अंबिकानं घमेलं खाली ठेवलं, हात झटकले.

"काय गं? इकडं कुठं?"

"बदललं! कलम चार बदललं, हे बघ." मी कागद पुढं केला. तिचे हात धुळीचे होते, म्हणून म्हणाली, "तूच वाच."

मी वाचलं. सगळं, पहिल्या पानापासून. ती मन लावून ऐकत होती.

"चांगलं लिव्हलंयस," ती म्हणाली. "चौकशी केली जाणार न्हाय, हे लई चांगलं."

"मग उद्यापासनं ये. आठ नंबर तुझाच आहे. आईनं धुऊन इस्त्री करून ठेवलाय."

ती परत घमेल्याकडं वाकली. मला ते सहन होईना. मी म्हणाले, "अंबे, मला एक सांगायचंय. मी ते कलम बघितलं होतं. उतरवताना. पेन थांबलं होतं माझं तिथं." आणि मग पुढचं पण बोलले, कारण आता थांबलं तर परत जमलं नसतं. "मी दहावी होते. ते पण मला तेव्हा आठवलं होतं."

"ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"तू वाचून दाखवलंस न्हवं आमाला, मधल्या सुट्टीत? तीन झालं की तू पाच म्हणालीस, चार वाचलंच न्हाईस. बाकीच्या हसायलेल्या, मी मोजायले होते." ती घमेल्यातली खडी बोटानं चाळवत होती. "मला वाटलं, चुकून झालं असंल. मग वाटलं, उद्या सांगंल. रोज सरावाला आले की वाटायचं, आज सांगंल."

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. एवढे दिवस ती माझ्यासमोर पळत होती. मला वळायला शिकवत होती.

"मग तूच का नाही बोललीस?" मी विचारलं. कसं विचारवलं मला, कुणास ठाऊक.

"मी काय बोलणार? मंडळात बोललेच न्हवते. नाझनीन बोलली. तुमी सगळ्या बोलला. मला लई भारी वाटलं होतं तवा." तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. "मी येणार न्हाय, उक्के. तुमचं कलम चांगलं हाय. आमच्या वस्तीतल्या बारक्या पोरी येतील, त्यांना घ्या. पण मला येऊ वाटत न्हाय."

"का पण? आता तर कुणीच अडवू शकत नाही तुला!"

"अडवायचं न्हाय ते. मी हुबी हाय आन् माझ्यासाठी हात मोजायलेत, ते मला परत बघायचं न्हाय."

तिच्या आईनं पलीकडनं काहीतरी हाक मारली, त्यांच्या भाषेत. ट्रॅक्टर सुरू झाला होता. अंबिकानं वाकून घमेलं डोक्यावर घेतलं.

"सरक बाजूला," ती म्हणाली. "ट्रॉली मागं येतीया, लागंल तुला."

मी सायकल घेऊन बाजूला झाले.